गोरेवाडा बघून झाल्यावर मुलं विचारतात, "यांना जंगलात कधी सोडणार?"

शर्वरी_धरमपेठ

गोरेवाड्याची सफारी सुरू झाल्यापासून नागपूरकराकडे पाहुणा आला की त्याला तिकडे न्यायचं, हे ठरूनच गेलंय. शाळांच्या सहलीही तिकडे वळल्या. मी विज्ञान शिकवते, त्यामुळे मुलांना घेऊन जायचं काम माझ्याकडे येतं. बसमधून उतरता उतरता कोणीतरी विचारतंच, "मॅडम, यांची पिल्लं झाली की जंगलात सोडतील न?" मुलांच्या डोक्यात एक चित्र पक्कं बसलेलं असतं: वाघ संपत चाललेत, म्हणून इथे ते वाढवतात, मग रानात सोडतात. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होता येत नाही, म्हणून हा धागा.

बाहेरगावच्या वाचकांसाठी आधी थोडी माहिती. काटोल रोडवर, गोरेवाडा तलावाला लागून जवळपास १९०० हेक्टरचं जंगल आहे. तिथे २०१५ पासून वन्यप्राणी बचाव केंद्र चालतं. सफारी नंतर आली, २६ जानेवारी २०२१ ला. बसमधून वाघ, बिबटे, अस्वलं दिसतात, नीलगायी-हरणांचा भाग वेगळा आहे. तिथले वाघ-बिबटे मुख्यतः विदर्भातूनच आलेले. कोणी विहिरीत पडलेला, कोणाची आई मेलेली, कोणी माणसावर हल्ला केला म्हणून पकडून आणलेला. म्हणजे जंगलात जागा मिळाली नाही किंवा जंगलात राहण्याच्या स्थितीत नाही, असा प्राणी तिथे येतो. त्याला मरेपर्यंत नीट सांभाळणं हेच तिथलं मोठं काम आहे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

वाघांची पैदास करून सोडायची गरज विदर्भाला नाही. २०२२ च्या गणनेत देशात सरासरी ३,६८२ वाघ निघाले, महाराष्ट्रात ४४४, आणि त्यातले बहुसंख्य आपल्याच भागात. चंद्रपूरकडे तरुण नराला स्वतःचं क्षेत्र मिळत नाही, म्हणून तो उसात नाहीतर कापसात येऊन बसतो. तिथे आणखी वाघ कुठे सोडणार? आणि पिंजऱ्यात जन्मलेल्या बछड्याला शिकार शिकवणार कोण?

अपवाद आहे, आणि तो आपल्या शेजारचा आहे. मध्य प्रदेशातल्या पन्नात २००९ पर्यंत एकही वाघ उरला नव्हता, सगळे शिकारीत गेले. मग बांधवगड, कान्हा, पेंचमधून वाघ नेले. कान्हात आई मेलेल्या दोन बहिणी मोठ्या कुंपणात वाढवल्या होत्या. जिवंत चितळ मारायला तिथेच शिकल्या, माणूस त्यांच्या नजरेला शक्यतो पडू दिला नाही. २०११ मध्ये त्यांना पन्नात सोडलं. दोघी टिकल्या, त्यांना पिल्लंही झाली. पण ते जमलं कारण पन्नात जागा रिकामी होती, भक्ष्य होतं, आणि शिकारीवर पहारा कडक केला होता.

मी मुलांना हेच सांगायचा प्रयत्न करते. प्राणी ज्या कारणाने संपला ते कारण तिथेच असेल, तर पिंजऱ्यात कितीही पिल्लं होऊ द्या, ती सोडून उपयोग नाही.

पैदास करून सोडण्याचं खरं उदाहरण आपल्याला लागूनच आहे. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रातून २० गिधाडं विदर्भात आली. लांब चोचीची १० पेंचला, पांढऱ्या पाठीची १० ताडोब्याला. मुलांना वाघाचं जेवढं माहीत आहे त्याच्या शंभरावा भागही याबद्दल माहीत नाही.

तुमच्यापैकी कोणी अशी केंद्रं पाहिली असतील, त्या कामाशी संबंध असेल, तर सविस्तर लिहा. सहलीला जाण्याआधी वर्गात सांगता येईल असं काही हवंय.

---

कोराडी_नाका

शर्वरीताई, विषय छान काढला. माझा भाचा मध्य प्रदेशातल्या मुकुंदपूरला पांढरा वाघ पाहून आला. तेव्हापासून त्याचं एकच पालुपद, पांढरा वाघ सगळ्यात दुर्मिळ आहे तर आधी त्याची पैदास करायला पाहिजे, गोरेवाड्यात का आणत नाहीत? मला नीट समजावता आलं नाही. कोणी सांगेल का?

---

रानवाटा

कोराडी_नाका, भाच्याला मोहनची गोष्ट सांगा.

१९५१ मध्ये रीवाचे महाराज मार्तंडसिंह यांनी एक पांढरा बछडा पकडला, त्याचं नाव मोहन. गोविंदगडच्या राजवाड्यात त्याला ठेवलं. नेहमीच्या रंगाच्या वाघिणीपासून त्याला झालेली सगळी पिल्लं पिवळी. मग त्याच्याच मुलीशी, राधाशी, त्याची जोडी लावली आणि १९५८ मध्ये पांढरी पिल्लं जन्मली. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांतले बहुतेक पांढरे वाघ त्या एका मोहनचे वंशज आहेत. पांढरा रंग हवा म्हणून पिढ्यान् पिढ्या जवळच्या नात्यात जोड्या लावल्या गेल्या. त्यातून तिरळेपणा, वाकडा पाठीचा कणा, पिल्लं लवकर दगावणं, असे दोष वाढत गेले. तिरळेपणा तर त्या रंगाच्या जनुकाशीच जोडलेला आहे, डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसा जिथे जायला पाहिजेत तिथे जात नाहीत.

पांढरा वाघ ही वेगळी जात नाही. तो बंगाल वाघच, एका जनुकात फरक पडलेला. त्यामुळे त्याची पैदास करून वाघांच्या संवर्धनात काहीच भर पडत नाही.

हीच चूक सिंहांच्या बाबतीतही झाली. चंदीगडजवळच्या छतबीर प्राणिसंग्रहालयात आशियाई आणि आफ्रिकी सिंहांचा संकर झाला. सिंह खूप झाले, पण गीरच्या सिंहाच्या दृष्टीने त्यांचा उपयोग शून्य. शेवटी त्यांची पैदास थांबवावी लागली. म्हणून आता प्रत्येक प्राण्याची वंशावळ नोंदवलेली असते: आई कोण, बाप कोण, कुठून आला. कोणाची जोडी कोणाशी लावायची हे त्या वहीवरून ठरतं. सोयरिक जुळवताना घरातली म्हातारी माणसं नाती तपासतात, तितक्याच काटेकोरपणे.

भाच्याला विचारायला सांगा: या प्राण्याचे आई-बाप कोण, हे इथे कोणी सांगू शकेल का? चांगल्या ठिकाणी उत्तर मिळतं.

---

पशुवैद्य_काटोल

शर्वरी मॅडम, गिधाडांचा उल्लेख केलात म्हणून सविस्तर लिहितो. मी ढोरांचा डॉक्टर आहे आणि गिधाडं कशी गेली याचा धागा थेट आमच्या पेटीपर्यंत येतो.

नव्वदच्या दशकात गिधाडं अचानक कमी व्हायला लागली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के घटली, लांब चोचीची जवळपास ९७ टक्के. सुरुवातीला साथीचा रोग असावा असं वाटत होतं. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून कारण समोर आलं: डायक्लोफिनॅक. ताप, सूज, लंगडणं यासाठी जनावराला देतात ते दुखण्यावरचं इंजेक्शन.

जनावर आजारी पडलं की शेतकरी शेवटपर्यंत प्रयत्न करतो, इंजेक्शन देतो. तरी ते मरतं. औषध मांसात, यकृतात, मूत्रपिंडात राहिलेलं असतं. ते मढं गिधाडांनी खाल्लं की एकदोन दिवसांत त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. युरिक ॲसिड बाहेर पडत नाही, अंगातच साचतं. मेलेलं गिधाड उघडलं तर काळजावर, यकृतावर पांढरा खडबडीत थर बसलेला असतो. मी तो प्रशिक्षणात फोटोंतून पाहिला आणि त्यानंतर माझ्या पेटीतलं ते औषध कायमचं काढून टाकलं.

अनेकांना हे खरं वाटत नाही, कारण सगळ्याच ढोरांना कुठे हे औषध देतात? तेच तर अभ्यासकांनी मोजलं. दर १३० ते ७६० मढ्यांमागे एकात जरी हे औषध असलं तरी एवढी मोठी घट होण्यास पुरेसं आहे. गिधाडं एका मढ्यावर मोठ्या थव्याने उतरतात, आणि एक ढोर पूर्ण थवा संपवू शकतं. शिवाय जोडी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षं लागतात. मरणाचा वेग आणि जन्माचा वेग यांचा मेळच बसत नाही.

आपल्या सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आणली. पण माणसांसाठीचं डायक्लोफिनॅक मोठ्या बाटलीत मिळायचं आणि तेच ढोरांना टोचलं जायचं. म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची बाटली ३ मिलीचीच असावी असा नियम झाला. एका बैलाला अशा कितीतरी बाटल्या फोडाव्या लागतील, कोण फोडेल? साधा नियम, पण मला तो फार हुशारीचा वाटतो. पुढे २०२३ मध्ये जनावरांसाठीचं केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक बंद झालं, त्यानंतर निमेसुलाइडही. मेलॉक्सिकॅम हे दुखण्यावरचंच दुसरं औषध गिधाडांना सुरक्षित आहे, गुण तितकाच येतो, आणि आता महागही राहिलेलं नाही.

मॅडम, तुम्ही म्हणालात ते कारण काढण्याचं, ते हे. पिंजोरला पक्षी वाढवणारी माणसं आणि गोठ्यात कोणती बाटली फोडायची हे ठरवणारा माणूस, दोघांचं काम एकच आहे.

---

पारशिवनीकर

डॉक्टरसाहेब, एकदम बरोबर बोलले तुम्ही.

आमच्या इकडे पयले गावाबाहेर ढोर टाकलं की दुपारपर्यंत हाडंच राहत. आभाळात आधी एक ठिपका दिसे, मंग दहा, मंग मोजताच येत नसत. माझ्या आज्याले गिधाडं कोणत्या बाजूने उतरतात ते पाहून कोणाचं ढोर मेलं ते समजे. आता मेलेलं ढोर दोन-दोन दिवस सडत राहते, कुत्रे तुटून पडतात. कुत्र्यांचे टोळके एवढे वाढले का रात्री बाईले एकटं शेतात जाता येत नाही.

पेंचमधे गिधाडं आणली तवा आम्ही गावातल्या पोराईले सांगितलं का ढोर मेलं तर त्याले काय औषध दिलं ते लिहून ठेवा. काही जण हसले, काही जणाईनं खरंच लिहिलं. सिल्लारीकडून येताना वर बघायची सवयच लागली आता. उंच काही घिरट्या घालताना दिसलं का गाडी बाजूले घेतो.

लोकं वाघ पाहाले येतात, जिप्सीवाले वाघच दाखवतात. कोणीतरी जिप्सीत बसून वर बी पाहा म्हणा.

---

शर्वरी_धरमपेठ

पारशिवनीकर दादा, "काय औषध दिलं ते लिहून ठेवा" हे मी वर्गात नक्की सांगणार. माझ्या वर्गात बरीच मुलं सावनेर, कळमेश्वरकडची आहेत, घरी ढोरं आहेत.

डॉक्टर, पिंजोरच्या पद्धतीबद्दल वाचलेलं थोडं इथे मांडते, चुकलं तर सांगा. २००१ मध्ये ते आजारी गिधाडांच्या देखभालीचं केंद्र म्हणून सुरू झालं. कारण समजल्यावर, २००४ पासून ते पैदास केंद्र झालं, बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) आणि हरियाणा वनखातं मिळून ते चालवतात. जोडीचं पहिलं अंडं काढून यंत्रात उबवतात, मग जोडी कधीकधी दुसरं अंडं घालते. एरवी वर्षाला एक पिल्लू, तिथे अशाने दोन मिळू शकतात. पश्चिम बंगालमध्ये राजाभातखावा, आसाममध्ये राणी आणि भोपाळमध्येही अशी केंद्रं आहेत.

मुलांना नवल वाटतं ते याचं, की ही केंद्रं सहलीला बघायला उघडी नसतात. पक्ष्यांना माणसाची सवय होऊ नये आणि पिल्लांना त्रास होऊ नये म्हणून.

---

मानेवाडा_ते_मस्कत

मी काही वर्षं ओमानमध्ये नोकरीला होते. शर्वरीने धाग्यात मांडलेला मुद्दा तिथे फार जवळून कळला, म्हणून लिहिते.

अरबी ओरिक्स हे पांढरं, लांब सरळ शिंगांचं वाळवंटी हरीण. गाड्या आणि बंदुका आल्यावर वाळवंटात त्याचा पाठलाग करणं सोपं झालं, आणि १९७२ च्या सुमारास रानातला शेवटचा ओरिक्स मारला गेला. त्याआधी, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, काही ओरिक्स अमेरिकेत फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात नेऊन कळप तयार केला होता. त्यातूनच १९८२ मध्ये ओमानच्या जिद्दत अल-हरासिस या वाळवंटात त्यांना परत सोडलं. तिथल्या हरासिस जमातीची माणसं राखणीला होती. कळप वाढत वाढत ४५० च्या आसपास गेला आणि त्या जागेला १९९४ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

मग जिवंत ओरिक्स चोरून विकायला सुरुवात झाली. खाजगी संग्रहासाठी माद्यांना जास्त भाव. काही वर्षांत कळप ६५ वर आला. पुढे अभयारण्याचं क्षेत्रही ९० टक्क्यांनी कमी केलं गेलं. २००७ मध्ये युनेस्कोने ती जागा यादीतून काढली, त्या यादीतून निघालेली ती पहिलीच जागा.

माझे ओमानी सहकारी याबद्दल बोलताना खूप दुःखी व्हायचे. पैदास जमली होती, सोडणंही जमलं होतं. जमिनीवरचा पहारा टिकला नाही. आता तिथे पुन्हा कुंपणात कळप आहेत, आणि इतर अरब देशांतही ओरिक्स परत सोडलेत, त्यामुळे जात वाचली आहे. पण पहिल्या प्रयत्नाचं जे झालं ते विसरता येत नाही.

---

हिंगणेकर

सगळं वाचलं. तरी मला एक आक्षेप नोंदवायचाय, गांभीर्याने.

गोरेवाड्यातच डिसेंबर २०२४ च्या अखेरीस ३ वाघ आणि १ बिबट्या दगावले, तपासणीत बर्ड फ्लू निघाला. चंद्रपूरकडून वाचवून आणलेले प्राणी होते ते. बंदिस्त जागेत बाहेरून आलेलं मांस खाऊन जगणाऱ्या प्राण्याला एक संसर्ग पुरतो. जंगलात तो वाघ निदान स्वतःचं भक्ष्य स्वतः निवडतो. मग आपण पिंजऱ्यांवर एवढा भरवसा का ठेवतो? तोच पैसा जंगलाच्या पट्ट्यांना, महामार्गाखालच्या भुयारी वाटांना दिला तर? पेंचमधून जाणाऱ्या महामार्गावर उड्डाणपुलांखालून प्राणी जातात हे कॅमेऱ्यांत दिसलंय. मला ते काम जास्त खरं वाटतं.

---

रानवाटा

हिंगणेकर, वाघाच्या बाबतीत मी तुमच्याशी पूर्ण सहमत. वाघासाठी पट्टे आणि भुयारी वाटाच पाहिजेत. पण गिधाडाला भुयारी वाटेचा काय उपयोग? तो हजारो किलोमीटर उडतो. ताडोब्यात सोडलेल्यांपैकी एक पांढऱ्या पाठीचं गिधाड फिरत फिरत तामिळनाडूपर्यंत पोचलं होतं, अंगावरच्या यंत्रामुळे ते कळलं. काही दगावलीही. त्याला वाचवायचं तर देशभरचे गोठे सुधारावे लागतात, आणि गोठे सुधारेपर्यंत बीज कुठेतरी जपून ठेवावं लागतं.

बर्ड फ्लूचा तुमचा मुद्दा मात्र महत्त्वाचा आहे, आणि म्हणूनच गिधाडांची केंद्रं एका ठिकाणी न ठेवता हरियाणा, बंगाल, आसाम, मध्य प्रदेश अशी पसरवली. एका जागी रोग आला तर सगळं जाऊ नये.

---

रानम्हैस

विदर्भाचा एक प्राणी कोणीच घेतला नाही. रानम्हैस. महाराष्ट्रात ती आता गडचिरोलीच्या टोकाला, कोलामार्काच्या राखीव क्षेत्राकडे, थोडीशीच उरलीये. पलीकडे छत्तीसगडमध्ये तो त्यांचा राज्यप्राणी. तिथे उदंतीला कुंपण करून पैदास सुरू केली तेव्हा हातात मादी एकच होती, आशा नावाची. तिला रेडेच जास्त झाले. मग कर्नालच्या संस्थेत तिच्या पेशींपासून क्लोन तयार केला, २०१४ मध्ये जन्मलेली दीपाशा. पुढे आसामच्या मानसमधून रानम्हशी आणाव्या लागल्या.

मला यातून एवढंच म्हणायचंय की पैदास सुरू करायची वेळही असते. शंभर असताना सुरू केलं तर निवड करता येते. एकच मादी उरल्यावर कितीही हुशार शास्त्रज्ञ आणले तरी हातात फार काही नसतं. कोलामार्काबद्दल आत्ता बोलायला पाहिजे.

---

भाग्यनगरचा_वऱ्हाडी

शर्वरीताई, मुलांना दाखवता येईल असं ठिकाण विचारलंत न? हैदराबादचं नेहरू प्राणिसंग्रहालय. नागपूरहून रात्रीच्या गाडीने सकाळी पोचता येतं.

तिथे पिसोरीची पैदास झाली. पिसोरी म्हणजे मूषक हरीण, तीनेक किलोचं, सशाएवढं, अंगावर पांढरे ठिपके आणि पट्टे. सीसीएमबी या हैदराबादच्याच जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांसोबत मोजक्या जनावरांपासून सुरुवात केली आणि कळप खूप वाढला. मग तेलंगणातल्या अमराबाद व्याघ्र प्रकल्पात त्यांना टप्प्याटप्प्याने सोडलं. थेट रानात नाही, आधी तिथेच मोठ्या कुंपणात, मुंगूस-कुत्री आत येणार नाहीत अशी व्यवस्था करून.

मी पाहिली तेव्हा एक मादी पानाखाली अशी बसली होती की समोर असून दिसत नव्हती. माझ्या मुलीने आधी तिचे पाय पाहिले. पेन्सिलीपेक्षा बारीक. ती म्हणाली, बाबा, हिला तर कुणीही खाईल. तिला सांगितलं की म्हणूनच ती दिवसा बाहेर पडत नाही आणि म्हणूनच तिला जमिनीवर दाट पालापाचोळा लागतो. तिथून पुढे सरपण, वणवे, गवत जाळणं, सगळं बोलणं झालं. वाघासमोर उभं राहून ते कधी झालं नसतं.

वन्यजीव विभागाच्या परवानगीने पैदासीचा भाग पाहता येईल असं गृहीत धरून जाऊ नका. जे उघडं असतं तेच बघायला मिळेल.

---

कोराडी_नाका

मोहनची गोष्ट भाच्याला सांगितली. त्याने विचारलं, मुलीशी लग्न लावलं? मग बराच वेळ गप्प होता. आता म्हणतो, पुढच्या वेळी पिसोरी बघायची.

रानवाटा, भाग्यनगरचा_वऱ्हाडी, दोघांचेही आभार.

---

शर्वरी_धरमपेठ

किती चांगलं लिहिलंत सगळ्यांनी. हिंगणेकर, तुमचा आक्षेप मी मुद्दाम वर्गात मांडणार आहे. मुलांनी त्यावर वाद घालावा असंच वाटतं. रानम्हैस, कोलामार्कावर स्वतंत्र धागा काढा न, मी नक्की लिहीन.

आता माझं ठरलं ते सांगते. सहलीला नेण्याआधी मुलांना तीन प्रश्न देणार: हा प्राणी इथे का आला, याला परत सोडता येईल का, आणि याची जात ज्यामुळे कमी झाली ते थांबलंय का. गोरेवाड्यातल्या प्रत्येक वाघासमोर पहिल्याचं उत्तर वेगळं मिळेल. सेमिनरी हिल्सच्या उपचार केंद्रात तर उलट, तिथले कितीतरी जखमी पक्षी-प्राणी बरे करून खरंच सोडतात, तेव्हा दुसऱ्याचं उत्तर "हो" असेल.

डॉक्टर काटोल, एक विनंती. तुम्ही आमच्या शाळेत येऊन अर्धा तास बोलाल का? गिधाडाचं ते पांढऱ्या थराचं चित्र, आणि त्या बाटल्यांचं.

---

पशुवैद्य_काटोल

मॅडम, जरूर येतो. शनिवारी सकाळची शाळा असेल तर मला सोयीचं, दुपारनंतर गावोगावी फेरी असते.

चित्रं आणेन. मेलॉक्सिकॅमची बाटली आणि डायक्लोफिनॅकची ३ मिलीची रिकामी कुपी दोन्ही आणतो, मुलांच्या हातात देता येतील. लेबलवर बारीक अक्षरांत काय छापलंय ते त्यांनीच वाचावं आणि घरी जाऊन गोठ्यातल्या फळीवरच्या बाटल्या तपासाव्यात. ज्यांच्याकडे जुनं औषध निघेल त्यांनी ते उघड्यावर फेकू नये, मला आणून द्यावं, विल्हेवाट मी लावतो.

पारशिवनीकर, तुमच्या गावातली ती औषधं लिहिलेली वही दाखवायला मिळेल का? एखाद्या पानाचा फोटो चालेल. मुलांना ती माझ्या भाषणापेक्षा जास्त समजेल.

---

पारशिवनीकर

फोटो काढून टाकतो उद्या. वही माझ्या पुतण्याकडे हाय, सकाळी दूध घालाले गेलो का घेऊन येतो.